दोन माद्या आणि माजी सासरे

माझ्या माजी सासऱ्यांइतका निःपक्षपाती माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही, आणि खरं सांगायचं तर पुन्हा पाहण्याची हौसही नाही. 'माजी सासरे' हा शब्द मला स्वतःलाच बनवावा लागला. मराठीत आमदार माजी असतो, सरपंच माजी असतो, मुख्याध्यापक तर माजी झाल्यावरच मोकळेपणानं बोलायला लागतात. पण सासराही माजी होऊ शकतो, हे आपल्या भाषेच्या स्वप्नात आलेलं नाही. नवरा गेला की सासर गेलं, असा साधा मामला. माझा नवरा गेला तो जिवंतपणी, धडधाकट, दोन सुटकेसेस घेऊन, एडिनबराहून लंडनजवळच्या स्लाऊला, आपल्या ऑफिसातल्या एका मुलीकडे राहायला. मागे त्याचे वडील तेवढे राहिले, आणि त्यांना यापुढे काय म्हणायचं ते मला कोणीच सांगेना.

ते मूळचे इंदापूर तालुक्यातले. साठच्या दशकात विलायतेला आले आणि एका स्कॉटिश कौन्सिलमध्ये वजनमापं तपासणारे इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर खाटकांचे आणि भाजीवाल्यांचे काटे तपासून त्यांच्या डोक्यातच एक काटा बसला होता, आणि तो कायम बरोब्बर मध्यभागी असे. केक कापायचा तर पट्टी घेऊन. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या स्पर्धेला एकदा त्यांना परीक्षक नेमलं, तर त्यांनी स्वतःच्या बायकोचा नंबर शेवटचा काढला आणि वर कारण जाहीर केलं, की कळ्या असमान आहेत. माझ्या सासूबाईंनी पुढचा आठवडाभर त्यांना ब्रेडवर ठेवलं. त्यावरही ते म्हणाले, की तिच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे. सासूबाई गेल्या तेव्हा भेटायला आलेल्या माणसांसमोर त्यांनी तिचे सगळे गुण सांगितले, डोळे पुसले, आणि मग तितक्याच शांतपणे म्हणाले, की शेवटच्या काही वर्षांत आमटी मात्र फार पातळ होत होती. एका डोळ्याची नजर कमी झाल्याचं डॉक्टरांच्या आधी त्यांच्या लक्षात आलं, आणि लायसन्सच्या ऑफिसला पत्र लिहून त्यांनी स्वतःच स्वतःची गाडी बंद करून घेतली.

मला पाहायला हे लोक पुण्याला आले होते, तेव्हा पोह्यांची बशी हातात असतानाच त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं, "मुलगा विसराळू आहे, कामाला आळशी आहे, आणि हातात घेतलेली गोष्ट शेवटपर्यंत नेत नाही. आता मुलीचे दोष सांगा." माझे वडील या प्रामाणिकपणावर इतके खूश झाले, की त्यांनी संध्याकाळीच होकार कळवला. मुलगा शेजारी बसून हसत होता. आम्हीही हसलो. ती यादी विनोदानं घेण्यासारखी नव्हती हे मला सात वर्षांनी कळलं.

नवऱ्यानं जानेवारीत सगळं कबूल केलं, तेही मराठीत, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. तो स्कॉटलंडात जन्मलेला, त्याची मराठी घरापुरती. "माझा चूक झाला," तो म्हणाला. मी म्हटलं, "माझी चूक झाली." त्याला वाटलं, मीच माफी मागतेय. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर जो सुटकेचा भाव आला, तो मी अजून विसरलेले नाही. नंतर वकील झाले, कागद झाले, मंडळातल्या बायकांची कुजबूज झाली. त्या सगळ्यात मला हवं होतं ते एकच वाक्य, आणि तेही एकाच माणसाच्या तोंडून. 'माझ्या मुलानं तुझ्याशी वाईट केलं,' एवढं माझ्या सासऱ्यांनी म्हणावं. सात वर्षं मी त्या माणसाच्या हाताखाली स्वयंपाकाची वजनं शिकले, त्याच्या बायकोच्या शेवटच्या आजारात रजा काढून त्यांच्या पर्थशायरच्या घरी जाऊन राहिले. मला न्याय नको होता. काटा एकदा माझ्या बाजूला हललेला पाहायचा होता.

मार्चमध्ये त्यांचा फोन आला. मी रिसीव्हर घट्ट धरून बसले. ते म्हणाले, "शनिवारपासून माझी ड्यूटी सुरू होतेय. कौन्सिलनं बसचं टायमिंग बदललंय." एवढंच. म्हणजे गाडी घेऊन ये. कुठल्याही स्वाभिमानी बाईनं फोन आपटला असता. मी शनिवारी सकाळी दीड तास गाडी हाकत त्यांच्या दारात गेले, कारण मला वाटलं, हे फोनवर कसं बोलणार, समोर आल्यावर बोलतील.

समोर आल्यावर ते माझ्याशी वेगळ्याच मराठीत बोलू लागले. पूर्वी ते मला 'सूनबाई' म्हणत. आता ती सोय राहिली नव्हती, आणि नावानं हाक मारायची सवय नव्हती. मग त्यांनी कर्ताच काढून टाकला. "निघायचं का?" "चहा चालेल का?" "सीटबेल्ट लावला गेलाय ना?" पूर्वीच्या बायका नवऱ्याला 'इकडून येणं कधी झालं?' असं विचारत, तसे हे पंच्याहत्तरीचे गृहस्थ मला विचारू लागले. मीही त्यांना 'बाबा' म्हणायचं सोडलं होतं, त्यामुळे मीही तसंच बोलू लागले. आपल्या भाषेत माणसाला कसलीही हाक न मारता अख्खा उन्हाळा काढता येतो, हा शोध मला त्या गाडीत लागला.

त्यांची ड्यूटी म्हणजे ऑस्प्रेच्या घरट्यावर पहारा. ऑस्प्रे म्हणजे मासे मारून खाणारा मोठा शिकारी पक्षी, घारीहून जरा थोराड, डोळ्यावरून काळा पट्टा गेलेला. आपल्याकडे कोणी त्याला कैकर म्हणतं, कोणी मोरघार. हिवाळ्यात दक्षिणेला जातो, वसंतात जुन्याच घरट्यावर परत येतो. स्कॉटलंडातून तो एकदा नामशेष झाला होता, आणि परत आल्यावरही अंडी चोरणारे लोक टपलेलेच असतात, म्हणून तळ्याकाठी एक लाकडी खोपटं बांधून तिथं निवृत्त माणसं आळीपाळीनं दुर्बीण लावून बसतात. खोपट्याची व्यवस्था एक उंच, पांढऱ्या केसांची स्कॉटिश बाई पाही. तिनं भिंतीवर नियम लावले होते, आणि त्यातला पहिला माझ्या सासऱ्यांसाठीच लिहिल्यासारखा होता. पक्ष्यांच्या आयुष्यात कोणत्याही कारणानं हस्तक्षेप करायचा नाही; जे दिसेल ते वहीत लिहायचं.

इतर लोक वहीत 'आज फार सुंदर सकाळ' वगैरे लिहीत. सासरे त्याखाली बारीक अक्षरात लिहीत, 'सुंदर हे निरीक्षण नव्हे.' नर मासा घेऊन आला तर मासा किती, अर्धा की पाऊण, डोकं खाल्लेलं की शिल्लक, हे सगळं. बाकी काही बोलायचं नाही. आणि मी मागच्या बाकावर बसून त्या टकलाकडे बघत वाट पाहायची. घरी परतताना दर शनिवारी मला वाटे, पुढच्या शनिवारी नक्की.

त्या वर्षी नर मार्चअखेरीस आला. त्याची नेहमीची मादी, पायात ओळखीसाठी घातलेलं हिरवं कडं असलेली, काही आली नाही. नरानं तिची दहा-बारा दिवस वाट पाहिली, काड्या रचल्या, मग एक दुसरीच मादी आली, बिनकड्याची, तरुण, आणि त्यानं तिला मासा दिला. तिनं पहिलं अंडं घातलं, आणि त्यानंतर आठवड्याभरानं, एका शनिवारी साडेदहाच्या सुमाराला, हिरव्या कड्याची मादी परत आली. देवानं इतकं उघड काही लिहू नये. खोपट्यातल्या बाईनं माझ्याकडे पाहिलं आणि घाईघाईनं थर्मासचं झाकण उघडायला घेतलं, कारण माझी हकीकत तिला ठाऊक होती. घरट्यावर दोन माद्यांची झुंज झाली; जुनी वरून झेपावे, नवीन बसल्या जागेवरून चोच उगारी. नर शेजारच्या फांदीवर बसून दोघींकडे बघत राहिला. नवीन मादी अंड्यांवरून उठली नाही, आणि जुनी शेवटी पाण्यापलीकडच्या वठलेल्या पाइनवर जाऊन बसली.

माझ्या सासऱ्यांनी वेळ लिहिली. 'दुसरी मादी. जुनं कडं. वठलेल्या झाडावर.' मला राहवलं नाही. मी म्हटलं, "घरटं कोणाचं आहे पण?" ते दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाले, "टेक्निकली, झाडाचं." मग दुर्बीण जराशी वळवून, "तिला उशीर झाला हेही खरं, आणि तो थांबला नाही हेही खरं. आपण नुसती एन्ट्री करायची." मी बाहेर जाऊन गाडीत बसले. त्या दिवशी परतीच्या वाटेवर आम्ही रस्त्यातल्या खड्ड्यांवरही बोललो नाही. जुनी मादी तीन आठवडे त्या झाडावर बसलेली दिसत होती, मग दिसेनाशी झाली. तिच्याबद्दलची शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात आहे, आणि तिच्यात चार शब्द आहेत.

आता हा माणूस दगड होता असं कोणी समजू नये. तसा असता तर मी एप्रिलमध्येच सुटले असते. त्यांची एक फार मोठी, फार जुनी चूक होती, आणि ती जूनमध्ये उघडी पडली. ते विलायतेला आल्यावर त्यांचं गाव उजनीच्या धरणात गेलं. त्यांनी ते बुडताना पाहिलं नाही. भावाचं पत्र आलं तेवढंच. पुढे कधीतरी त्यांनी वाचलं, की उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात ऑस्प्रे येतात. मग त्यांनी ठरवून टाकलं, की आपल्या तळ्यावरचे पक्षी तेच. इथं उन्हाळा काढायचा आणि हिवाळ्यात आपल्या घराच्या, मारुतीच्या देवळाच्या वरच्या पाण्यात मासे मारायचे. दहा-अकरा वर्षं त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हे ठामपणे सांगितलं. कोणी शंका घेतली तर ते नकाशा काढत. कोकणस्थ गोऱ्या म्हाताऱ्या दिसाव्यात अशा पहाऱ्यावरच्या स्कॉटिश बाया भक्तिभावानं तो नकाशा पाहत.

जूनमध्ये बातमी आली, की दोन वर्षांपूर्वी याच घरट्यातल्या ज्या पिल्लाच्या पायात कडं घातलं होतं, ते गॅम्बियात एका खाडीवर दिसलं. कड्यावरची अक्षरं दुर्बिणीतून स्पष्ट वाचली होती. स्कॉटलंडचे ऑस्प्रे पश्चिम आफ्रिकेलाच जातात, हे बाकी सगळ्यांना बहुधा आधीपासून माहीत होतं; म्हाताऱ्याचं मन मोडायला नको म्हणून कोणी बोललं नव्हतं. सासऱ्यांनी बातमी दोनदा वाचली. पुढच्या शनिवारी त्यांनी टाइप केलेलं एक पत्र आणून भिंतीवर लावलं. त्यात लिहिलं होतं, की मी इतकी वर्षं लोकांना चुकीची माहिती दिली, तिला कोणताही पुरावा नव्हता, माझी इच्छा हेच तिचं एकमेव कारण होतं, आणि त्याबद्दल मी सर्वांची क्षमा मागतो. खाली सही. परत येताना ते गाडीत म्हणाले, "उजनीवरचे कुठून येत असतील मग? सायबेरिया साइडनं असतील." आणि खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी इतका संताप आला की मी गिअर चुकवला. पक्ष्यांच्या रस्त्याबद्दल हा माणूस सही करून, चार लोकांत, भिंतीवर क्षमा मागतो, आणि माझ्याबद्दल त्याला एक ओळ सुचत नाही.

जुलैत पिल्लांना कडी घालायचा दिवस आला. त्या दिवशी झाडावरून पिल्लं खाली आणतात, वजन करतात, परत ठेवतात. सासरे आपली पितळी वजनं फडक्यात बांधून घेऊन आले, आणि ताणकाटा आधी तपासल्याशिवाय त्यांनी कोणाला पिल्लाला हात लावू दिला नाही. काटा चुकीचा निघाला. मागच्या सगळ्या वर्षांची वजनं वीस-वीस ग्रॅमनं जास्त लागली आहेत, असं त्यांनी आनंदानं जाहीर केलं. खोपट्यातली बाई कपाळाला हात लावून बसली. पिल्लं दोन होती. सासऱ्यांनी दोन्ही ओंजळीत इतकी अलगद धरली होती, की मी तोंड फिरवलं. त्याच हातांनी त्यांनी एकदा माझ्या तापलेल्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावून.

ऑगस्टच्या मध्यात मादी निघून गेली. ऑस्प्रेत आईच आधी जाते. पिल्लांना मासे पुरवायला बाप मागे राहतो. त्यानंतरच्या शनिवारी मी त्यांना घरी सोडलं, तेव्हा ते उतरता उतरता थांबले.

"पुढच्या शनिवारी येण्याचं करू नये," ते म्हणाले.

मी का म्हणून विचारलं.

"इंग्लंडात बँक हॉलिडे आहे, सोमवारची सुट्टी. तो येतोय. तीपण आहे बरोबर. त्याला शनिवारच जमतोय, आणि शनिवार तर इकडचा. दोघांचाही क्लेम इक्वल होता. मग मी टॉस केला."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी समजावून सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी नाणं उडवलं होतं. नाणं आधी वजन करून घेतलं होतं, दोन्ही बाजूंनी सारखं पडतं की नाही हे वीस वेळा पाहून घेतलं होतं, आणि छापा मुलाचा धरला होता. छापा पडला. माझा चेहरा त्यांना दिसला असावा, कारण ते जरा वाकून, अगदी मनापासून म्हणाले, "हवं तर बेस्ट ऑफ थ्री करू."

मी गाडी सुरू केली आणि निघाले. आरशात ते फाटकाशी उभे दिसत होते. मी रडले नाही. मला एवढंच वाटत होतं, की नाण्याच्या एका बाजूला तो आणि एका बाजूला मी, आणि मध्ये जाडी किती, तर काहीच नाही. त्यानंतर मी तिकडे जाणं बंद केलं. त्यांनी दोनदा फोन केला. मशीनवर निरोप ठेवला, की मोठं पिल्लू दक्षिणेला गेलं, धाकटं आहे, नर मासे आणतोय. मी उलट फोन केला नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, शनिवारी दुपारी, माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात माझे माजी सासरे. शनिवारच्या तुटपुंज्या बसनं, पर्थला गाडी बदलून, चांगले चार तास घालवून आलेले. धाकटं पिल्लू अजून घरट्यात होतं, नर अजून येत होता, आणि या माणसानं हंगाम संपायच्या आत पाळी सोडली होती. ते आत येऊन खुर्चीच्या कडेवर बसले. मी चहा ठेवला.

"टॉस करायला नको होता," ते म्हणाले.

मी साखरेचा डबा त्यांच्यापुढे सरकवला.

"त्यानं तुझ्याशी वाईट केलं. जानेवारीत त्याचा फोन आला तेव्हाच मला कळलं होतं. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी बोललो नाही."

आठ महिने मी ज्या वाक्याची वाट पाहिली, ज्याच्यासाठी दीड-दीड तास गाडी हाकली, ते असं, साधं, माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं. मला वाटलं होतं, ते ऐकून मला मोकळं वाटेल. मला फक्त ते आठ महिने दिसत होते. आणि मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, "आता दुसरी बाजूही सांगून टाका."

त्यांना तो टोमणा कळलाच नाही. त्यांनी प्रश्न म्हणूनच घेतला. कप खाली ठेवला, डोळे बारीक केले, आणि खरोखरच विचार केला, अगदी पूर्ण विचार केला. मग म्हणाले, "याला दुसरी बाजू नाहीये."

मी परतीची बस किती वाजता आहे ते विचारलं. माझी गाडी खाली उभी होती. तिच्याकडे त्यांनीही पाहिलं नसेल असं नाही. पण मी सोडते म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. जिने उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला. पुढच्या वसंताच्या आधीच त्यांच्या मुलानं त्यांना स्लाऊला नेलं, आणि मी काही त्या घरी जाणार नव्हते. ती आमची शेवटची भेट आहे हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मी खिडकीपाशी गेले. खाली ते रस्ता बघत उभे होते, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग जवळच्याच थांब्यावर गेले आणि हात मागे बांधून उभे राहिले. तो थांबा उलट दिशेचा होता. त्यांना पर्थची बस धरायला शहरातल्या बसस्टँडवर जायचं होतं, आणि तिथली बस भलतीकडेच, शहराबाहेर जाते. मी थोडा वेळ तशीच पाहत राहिले. मग किल्ल्या न घेताच खाली उतरले, त्यांच्या कोपराला धरलं, आणि गाड्या थांबल्यावर त्यांना पलीकडे नेलं. बसला अजून बावीस मिनिटं होती, असं फलकावर दिसत होतं. वारा सुटला होता. मी वर गेले नाही. बस आली तेव्हा ते चढले आणि माझ्याच बाजूच्या खिडकीशी बसले. मी हात हलवला. त्यांनीही हलवला, पण बस वळायला लागल्यावर, जरा उशिरानं.